चार चाकांचे बिऱ्हाड



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचे नाव पाहून पुष्कळांची अशी समजूत झाली असेल की, आज कामगार संहितांवर तासभर बसून ऐकावे लागणार. मग त्याखालचा विषय वाचून ते चक्रावले असतील. लहान पिकअप गाडीत फेरफार करून तिच्यातून आडरानात हिंडावे, तिच्यातच मुक्काम करावा, या गोष्टीशी युनियनच्या माणसाचा संबंध काय? आत्ता येताना दाराशीच एका गृहस्थांनी आम्हांला टोकले, "काय हो, चळवळ सोडून सहली काढायला लागलात वाटतं?" आम्ही म्हणालो, "सहलच काढली होती, पण ती निघाली तिथेच परत येऊन थांबली." कशी थांबली ते आज सांगावयाचे आहे. त्यात गाडीची माहिती आहे आणि आमच्या एका चुकीची कबुलीही आहे. कबुली चारचौघांत द्यावी असे आम्ही आयुष्यभर मालकांना सांगत आलो. तेव्हा स्वतःची पाळी आल्यावर मागे सरणे बरे नव्हे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. सोळाव्या वर्षी कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. पुढचे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर नगरवाचनालयात. तिथे एकदा लिबियाच्या वाळवंटातील मोटारींची हकीकत वाचावयास मिळाली आणि तेव्हापासून मनात हे वेड शिरले. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी, म्हणजे एक निवृत्त एस. टी. चालक, एक फिटर आणि अस्मादिक, पैसे घालून एक जुनी दुहेरी केबिनची पिकअप घेतली. पुढे पाच माणसे बसतात, मागे उघडा हौदा. भार वाहण्याची शक्ती सुमारे एक टन. हौद्यात झोपण्याची सोय करावी, पाणी, शेगडी, दिवा ठेवावा आणि जिथे लॉज नाही, हॉटेल नाही, तिथे चार दिवस राहून यावे, एवढीच मनीषा.

आता ते लिबियाचे आधी सांगतो, कारण सगळे मर्म त्यात आहे. १९४० साली ईजिप्तमध्ये राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे एक पथक उभारले. हा गृहस्थ त्याआधी दहा-पंधरा वर्षे साध्या फोर्ड मोटारी घेऊन हौसेने वाळवंट तुडवीत होता. वाळू वाऱ्याने कशी सरकते यावर त्याने १९४१ साली ग्रंथही प्रसिद्ध केला. त्याच्या पथकाने सुरुवातीला शेव्हरोलेचे दीड टनी ट्रक घेतले. नवल असे की, त्यांतील शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना होती! आज ज्याला त्याला चारही चाकांची शक्ती हवी असते. हे लोक दोन चाकांवर शेकडो मैल वाळू कापीत गेले.

त्यांनी गाडीत काय फेरफार केले? पहिली गोष्ट, काढून टाकले. दारे काढली, पुढची काच काढली, टप काढला. मगच जरुरीपुरते चढविले: कमानीला जादा पाटे, वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालावयाच्या पोलादी पट्ट्या, सूर्याच्या सावलीवरून दिशा दाखविणारे होकायंत्र. आणि एक गंमतीची युक्ती. रेडिएटरचे पाणी उकळून वाफ वाया जाऊ नये म्हणून ती एका नळीतून अर्ध्या भरलेल्या डब्यात सोडावयाची. तिथे तिचे पुन्हा पाणी होई आणि रेडिएटर निवू लागला की तेच पाणी आपोआप परत ओढले जाई. वाळवंटात पाण्याचा थेंब वाचविणे म्हणजे तेवढे वजन वाचविणे, आणि तेवढे वजन वाचविणे म्हणजे तेवढा पल्ला वाढविणे. सारांश, गाडी रानात चालण्याजोगी करणे म्हणजे तिच्यावर काही लादणे नव्हे. तिच्या अंगावरचे काय उतरविता येईल ते आधी पाहणे.

हे सर्व आम्ही वाचले होते. पाठ होते म्हटले तरी चालेल. आणि तरीसुद्धा आमची गाडी गॅरेजमध्ये गेली तेव्हा आम्ही नेमके उलटे केले!

हौद्यावर आम्हांला पत्र्याची खोली हवी होती. भक्कम, कुलूपबंद, वर चढून उभे राहता येईल अशी. आठ फूट बाय चार फूट मापाचा दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा घेतला तर त्याचे वजन सत्तेचाळीस किलोच्या आसपास भरते. असे पाच पत्रे आणि त्यांना अँगलचा सांगाडा, म्हणजे खोलीच साडेतीनशे किलोच्या घरात गेली. आत प्लायवूडची कपाटे. दोनशे लिटर पाण्याची टाकी, म्हणजे दोनशे किलो, कारण पाणी कोणाच्या पुढारीपणाला भीक घालीत नाही. लिटरला किलो म्हणजे किलो. दोन बॅटऱ्या, दोन स्टेपन्या, टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर तंबू आणि डिझेलचे कॅन. पुढे बसणारी माणसे भारात धरावयाची असतात, हे तर आमच्या गावीही नव्हते. हे सगळे पेलावे म्हणून मागच्या कमानीत दोन पाटे वाढवा, असा आम्ही हुकूम सोडला.

त्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करणारा एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा होता. रोजावर काम करी. हजेरीपत्रक नाही, पावती नाही, डोळ्यावर धरावयाची काचसुद्धा तडकलेली. त्याने आमची यादी ऐकली, गाडीखाली जाऊन आला आणि हात पुसत म्हणाला, "काका, पाटे वाढवून गाडी वर उचलेल, पण तिची ताकद नाही वाढणार. आस तोच, ब्रेक तेच, चासी तीच. पाटा टिकला तर चासी बोलेल."

आम्ही म्हणालो, "ते आमच्यावर सोड."

तो पुन्हा म्हणाला, "निदान खोली चासीला वेल्ड नको करायला. आहेत त्या भोकांत बोल्ट घालू, खाली रबर देऊ. खाचखळग्यात चासी पिळते, काका. वरची पेटी पिळत नाही. मग जिथे जोड असेल तिथे तुटतं."

आमच्या फिटरमित्राला ते पटत होते. पण आमचा आवाज मोठा. "बोल्ट ढिले होतात, वेल्ड पक्का," असे आम्ही ठणकावले. गॅरेजचा मालक म्हणाला, "गिऱ्हाईक सांगेल तसं कर रे." पोराने काच डोळ्यावर घेतली आणि सांगितले तसे केले.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग आपण नीट ध्यानात ठेवावा. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर एकच गोष्ट सांगत आलो, की यंत्रावर ज्याचा हात आहे त्याला विचारा, त्याचे ऐका; अपघात होण्याआधी यंत्र त्याच्याशी बोलत असते. आणि आमच्याच गाडीवर ज्याचा हात होता तो दोनदा बोलला, तेव्हा आम्ही गिऱ्हाईक झालो होतो.

डिसेंबरात आम्ही भंडारदऱ्याला निघालो. शेंडीहून तलावाच्या कडेने रतनवाडीस गेलो, अमृतेश्वराचे देऊळ पाहिले आणि साम्रदकडे वळलो. वाटेत डांबर सोडून एका माळावर मुक्काम करावा म्हणून उताराच्या कच्च्या वाटेला गाडी घातली. तोवर घाटात एक गोष्ट जाणवली होती: चाक हलके लागत होते. मागच्या आसापलीकडे पडलेला भार गाडीचे नाक उचलतो आणि पुढच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटते. चालकमित्राने तसे बोलूनही दाखविले. उतारावर एक चाक खड्ड्यात, समोरचे तिरके चाक दगडावर, अशी गाडी पिळली. चालकमित्र खाली उतरून मागे उभे राहून वाट दाखवीत होते, स्टिअरिंगवर आम्ही होतो. फांदी मोडावी तसा आवाज झाला. वेल्डच्या कडेने चासीला चीर गेली, खोलीचा मागला कोपरा निखळून खाली आला आणि तो त्यांच्या खांद्यावर बसला. गळ्याचे हाड मोडले. हातभर अलीकडे असते तर आज आम्ही इथे उभे राहिलो नसतो.

असे का झाले, हे समजावयास इंजिनिअर असण्याची गरज नाही. चासीचा लोखंडी गज हा वाकण्यासाठी आणि किंचित पिळण्यासाठीच केलेला असतो. त्या लवचीकपणातच त्याची ताकद आहे. त्याच्यावर वेल्ड केला की तापून निवलेल्या जागी लोखंडाचा पोत पालटतो आणि वेल्डच्या कडेशी ताण एकवटतो. वर न पिळणारी पेटी आणि खाली पिळणारी चासी यांचे भांडण त्या चार इंचांत येऊन मिटते, म्हणजे तुटते. म्हणून जाणते लोक पेटी तीन ठिकाणी, रबराच्या किंवा झुलत्या आधारावर बसवितात. तीन पायांचे तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, तेच तत्त्व.

परत आल्यावर गाडी वजनकाट्यावर नेली. जे आधी करावयाचे ते शेवटी केले! नोंदणीपत्रावर भारासकट जेवढे वजन लिहिले आहे त्यापेक्षा गाडी दोनशे साठ किलो जादा भरली. मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवली, तर तो सगळा जादा भार मागच्या आसावर होता. काट्याची ती पावती आम्ही अजून पाकिटात ठेवतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आठवड्याने गॅरेजमध्ये गेलो तो पोरगा दिसेना. चौकशी केली तेव्हा मालक म्हणाला, "काढून टाकला. त्याच्या कच्च्या वेल्डमुळे तुमच्या माणसाचं हाड मोडलं. पंधरा दिवसांची मजुरीही ठेवून घेतली." आम्ही क्षणभर गप्प राहिलो. ती गप्प राहण्याची सोय किती सुखाची असते, हे त्या दिवशी कळले. दोष दुसऱ्याच्या नावावर लागलेला होता; आम्ही काही बोललो नसतो तर कोणी विचारलेही नसते. मग गॅरेजमधली चारही पोरे जमवून त्यांच्यासमक्ष सांगितले की, वेल्ड कच्चा नव्हता, वेल्ड शाबूत आहे. चासी फाटली ती शेजारी. हा वेल्ड करू नका असे त्याने दोनदा सांगितले होते आणि करावयास आम्ही लावले. तेच कागदावर लिहून सही केली. मजुरी मिळाली. नोकरीवर मात्र तो परत यावयास तयार झाला नाही. दुसऱ्या गल्लीत त्याने काम धरले होते.

आम्ही त्याला तिथे गाठले आणि गाडी पुन्हा तूच कर असे म्हणालो. त्याने एक अट घातली: "आधी काटा, मग काम." अट मान्य झाली. आता त्याने काय केले ते सांगतो. ज्यांना अशी गाडी करावयाची आहे त्यांनी हे तेवढे घरी न्यावे.

लोखंडी खोली भंगारात गेली. चासीला पडलेली चीर जाणत्या कारखान्यात नीट करवून, तपासणी करवून मगच पुढचे काम सुरू झाले. हौद्यावर अॅल्युमिनियमच्या पाइपच्या कमानी आणि त्यावर जाड ताडपत्री आली. दोन माणसांनी दहा मिनिटांत काढता येतील अशी. अॅल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश असते. झोपण्यास बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची फळी, तेवीस-चोवीस किलोची, खाली सामानाच्या पेट्या. पाणी साठ लिटर, दोन कॅनमध्ये, केबिनच्या पाठीला टेकून आणि हौद्याच्या तळाशी. जड सामान खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये, हलके मागे आणि वर. टपावर काहीही नाही. गाडी तिरक्या उतारावर कलते तेव्हा तिला उलटविणारा भार उंचीवरचा असतो. टपावरचे पन्नास किलो तळाच्या शंभरांपेक्षा जास्त छळतात. वाढविलेले पाटे काढून मूळची कमान ठेवली. आणि पैसे कशावर खर्च केले? चांगल्या टायरांवर, ब्रेकवर, हवा भरण्याच्या पंपावर, हवा मोजण्याच्या काट्यावर आणि एका फावड्यावर. मऊ मातीत किंवा वाळूत टायरमधील हवा थोडी कमी केली की टायरचा तळवा लांब होतो, भार पसरतो आणि रुतलेली गाडी पुष्कळदा निघते. पक्क्या रस्त्यावर येताच मात्र हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचे टायर वेगात तापून फाटतात. दोन चाकांची गाडी, फावडे आणि हवेचा पंप एवढ्यावर आम्ही त्यानंतर तीन हिवाळे हिंडलो.

एक सूचना हात जोडून करतो. ताडपत्री असो की पत्रा, बंद जागेत कोळशाची शेगडी, स्टोव्ह किंवा चालू इंजिन यांच्या संगतीत कोणी झोपू नये. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो. थंडी वाजली तर दुसरी घोंगडी घ्यावी, शेगडी नव्हे.

कायद्याचेही चार शब्द. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने करावयाचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. गाडीच्या नाकावर लोखंडी दांडे मिरविण्याविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईस सांगितले होते, कारण ते दांडे धडकेचा जोर पायी चालणाऱ्याच्या अंगावर ढकलतात. तेव्हा चासी कापण्यापूर्वी, खोली बांधण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. आमची पहिली खोली मोडली नसती तर तीही नियमात बसली नसती. आम्ही विचारलेच नव्हते.

कोणी म्हणेल, कायदा हौसेच्या आड येतो. आम्हांला तसे वाटत नाही. नोंदणीपत्रावरचा वजनाचा आकडा हा एक करार आहे. लोखंड, रबर, ब्रेक यांच्याशी आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांशी केलेला. तो मोडला तर त्याची किंमत मोडणारा भरतोच असे नाही. आमच्या बाबतीत एकाच्या हाडाने आणि एकाच्या नोकरीने भरली. कामाच्या तासांचा आकडाही असाच करार असतो. मोटार कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला त्यात दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा असे घातले गेले, ते कोणाच्या लाडासाठी नव्हे. माणसाच्याही कमानीला भार किती हे ठरलेले आहे, आणि वर दोन पाटे चढविल्याने ते वाढत नाही.

आता शेवटचे. परवा त्याच गाडीने येताना रस्त्यात ऊसतोडीहून घरी परतणारी कुटुंबे दिसली. ट्रॉलीत भांडी, चूल, कोंबडी, त्यावर पोरे. दिवाळीच्या सुमारास निघालेले बिऱ्हाड चैत्राच्या तोंडावर गावाकडे चालले होते. चाकांवर घर मांडण्याची विद्या शिकण्यासाठी आम्ही लिबियापर्यंत गेलो. ती विद्या ज्यांना पोटासाठी दर साल करावी लागते ते आपल्या दारावरून जातात. त्यांच्या ट्रॉलीला एक पक्का कठडा, मजूर वाहणाऱ्या पिकअपऐवजी बसायला बाक असलेली एक गाडी, हे फेरफार कोण करणार? आणि तो पोरगा आजही रोजावरच आहे. इतकी वर्षे आम्ही मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे केली, पण गॅरेजांच्या त्या गल्लीत, जिथे दहा-बारा ठिकाणी मिळून पन्नासएक पोरे काम करतात, आमच्या युनियनचे पाऊल कधी पडले नव्हते. गेल्या पावसाळ्यापासून दर सोमवारी, गल्ली बंद असते तेव्हा, आम्ही तिथे जाऊन बसतो. पहिल्या सोमवारी तीन पोरे आली, मागच्या सोमवारी अकरा. पहिली मागणी त्यांनीच ठरविली आहे: डोळ्यावरची न तडकलेली काच.

आपणांपैकी कोणाची गाडी त्या गल्लीत दुरुस्तीस जात असेल तर एवढेच करा. गाडीखालून बाहेर आलेला माणूस काही सांगू लागला, तर चावी खिशात ठेवा आणि त्याचे पुरते ऐकून घ्या.